काओरचा सैतान आणि ‘जवळच्या’ द्राक्षबागा

फ्रान्समधल्या काओर गावात वाट चुकायची तर मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. लोत नदीने गावाला तीन बाजूंनी विळखा घातलाय. उत्तर सोडून कुठेही चालत सुटा, पाणी लागतंच, आणि तिन्ही बाजूंना पूलही आहेत. पश्चिमेचा व्हॅलांत्रे हा खरा मानाचा. स्टेशनापासून अगदी जवळ, वाहनांना बंदी, चालायला फुकट. सहा कमानी, तीन बुरूज. काम सुरू झालं १३०८ साली आणि चाललं सत्तरेक वर्षं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या कंत्राटदारांना हे कळू नये, एवढीच माझी प्रार्थना.

दिरंगाईला कंटाळून बांधणाऱ्याने म्हणे सैतानाशी करार केला: सांगेन ते काम कर, आत्मा तुझा. शेवटी त्याला गवंड्यांसाठी चाळणीतून पाणी आणायला लावलं. ते कसं जमणार? आत्मा हुकला. चिडलेला सैतान मग रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड पळवू लागला. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारद पोल गू यांनी त्याच बुरुजावर दगड उपसणारा छोटासा सैतान कोरवून बसवला. तो इतका उंचावर आहे, की शोधताना मान अवघडते. फोनचा कॅमेरा मोठा करून बघा, सैतान काही खाली उतरायचा नाही.

खरी परीक्षा द्राक्षबागांची. त्या ‘जवळच’ असतात, पण पश्चिमेला ल्युझेशच्या दिशेने, आणि नदीच्या वळणांमागे रस्ताही वळसे घेत जातो. बस मोजक्या. भाड्याची गाडी घ्यावी, तर चालवणाऱ्याने वाइन प्यायची कशी? म्हणून चव घ्यायची आणि बादलीत थुंकायची. पैसे मोजून थुंकणं मराठी माणसाच्या जिवावर येतं, पण इलाज नाही. इथल्या लाल वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक जातीची द्राक्षं. ती कोवळी असेल तर कच्च्या जांभळासारखी जीभ आवळते आणि दातांचा रंग पिकल्या जांभळाचा. आधी फोन करून जा. दुपारी बारा ते दोन बऱ्याच ठिकाणी दार बंद, म्हणजे बाराला आपलेही बारा वाजतात.

मग जेवू म्हणाल. शाकाहाऱ्यांनो, ‘सलाड केर्सिन्वाझ’ हे निरागस नाव बघून फसू नका. त्यात बदकाची पेटी, म्हणजे जठर असतं. रोकामादूर हे बकरीच्या दुधाचं चपटं चीज मागा, पण ‘सां व्यांद’, बिनमांसाचं, हे आधी बजावा. त्याही आधी ‘बोंझूर’ म्हणा, नाहीतर वेटर ऐकूच येत नसल्यासारखं वागेल.

बाटल्या विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत. मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा. भारतात माणशी दोन लिटर शुल्कमुक्त. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तीन म्हणजे सव्वादोन. तेव्हा तिसरीवर शुल्क भरा, नाहीतर ती काओरमध्येच संपवा, अर्थात गाडी परत केल्यावर.