डॅक्सोफोन आणि डायनिंग टेबल

डॅक्सोफोन नावाचं वाद्य घरी करायचा विचार असेल तर लाकूड, करवत, गज हे सगळं नंतर बघा. आधी घरातलं डायनिंग टेबल नक्की कुणाचं आहे, याचा निकाल लावून घ्या. बहुतेक घरांत ते तुमचं नसतं. तुम्हाला त्यावर फक्त जेवायची परवानगी असते.

वाद्य दिसायला काहीच नाही. लाकडाची एक पट्टी, साधारण ३३ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, ५ मिमी जाड. एक टोक घट्ट आवळायचं, दुसरं हवेत मोकळं सोडायचं आणि मोकळ्या भागाच्या कडेवर चेलोचा, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाचा, गज ओढायचा. शाळेत बाकाच्या फटीत फूटपट्टी अडकवून ज्यांनी 'टर्रर्र' केलंय, ते सगळे या वाद्याची पहिली यत्ता पास आहेत. तेव्हा त्याबद्दल वर्गाबाहेर काढत. जर्मनीत वुपरटालच्या हान्स रायशेलनं १९८७ साली तेच केलं आणि वाद्याचा जनक ठरला.

रायशेल गिटार वाजवायचा, गिटारी बनवायचा आणि छपाईची अक्षरंही काढायचा. त्याचा 'डॅक्स' हा टंक आजही वापरात आहे. वाद्याचं नाव आलं 'डाक्स' या जर्मन शब्दावरून; डाक्स म्हणजे बिळात राहणारा, अंगानं छोट्या अस्वलासारखा एक प्राणी. आवाज ऐकला की नाव पटतं. घोरणारे काका, भूक लागलेलं तान्हं बाळ, अडचणीत सापडलेलं मांजर आणि मध्येच एखादी ठसक्यातली ठुमरी, हे सगळं एका पट्टीतून निघतं. भिंतीपलीकडच्यांना मात्र ठुमरी ऐकू येत नाही. त्यांना फक्त काका आणि मांजर.

आता लाकूड. प्लायवूड नको, एमडीएफ तर मुळीच नको. थरांतला गोंद आणि भुसा कंप पिऊन टाकतात. घट्ट, सरळ रेषांचं लाकूड घ्या. शिसव उत्तम, जुन्या खिडकीचा सागही चालतो. रेषा लांबीच्या दिशेनंच धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर पट्टी आवळलेल्या जागीच काडकन मोडते, आणि तीही नेमका सूर सापडल्यावर. रायशेलच्या पट्ट्या म्हणजे शिल्पंच होती: कुठे बाक, कुठे खाच, कुठे भोक. प्रत्येक आकाराला वेगळा गळा. सुताराला हे समजावत बसू नका. तो विचारतो, "हे कशाला लागतं?" आणि त्याचं समाधान होईल असं उत्तर अजून कुणाकडे नाही. कागदावर आकार काढून द्या आणि 'शोभेचं आहे' म्हणा.

जाडीशी मात्र खेळ नको. सूर जाडीच्या प्रमाणात बदलतो. ५ मिमीची पट्टी तासून ४ मिमी केलीत तर शुद्ध गंधारावर बोलणारी पट्टी षड्जावर उतरते. पॉलिश पेपर हातात घेतला की माणूस थांबत नाही, आणि घासलेलं लाकूड परत चिकटत नाही. लांबीचा हिशेब आणखी खट्याळ. मोकळा भाग निम्मा केला की सूर दोन सप्तकं वर जातो. २४ सेंमीऐवजी २३ मोकळी ठेवलीत तर षड्जाचा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध लोंबकळतो, आणि तिथे आपल्याकडचा कुठलाच राग त्याला घरात घेत नाही.

पण खरं दुखणं पकडीत आहे. माझं स्पष्ट मत आहे की डॅक्सोफोन वाजवायचं वाद्य कमी आणि आवळायचं जास्त. टेबलाच्या कडेवर जाड ठोकळा, त्यावर पट्टीचं आठ-नऊ सेंमी टोक, वर छोटा कडक ठोकळा आणि हे सगळं टेबलाला आवळणारा सी-क्लॅम्प, म्हणजे सुताराचा स्क्रूवाला चिमटा. जरा ढिलाई राहिली की पट्टीऐवजी सांधा खडखडतो. इथे घरातून सूचना येते, "सनमायकाला ओरखडा पडेल, खाली फडकं घाला." फडकं घालावंच, पण ठोकळा आणि टेबल यांच्या मध्ये. पट्टीखाली घातलंत तर सगळा कंप फडक्यात मुरतो आणि वाद्य सर्दी झाल्यासारखं बोलतं. टेबल काचेचं असेल तर हा परिच्छेद विसरा आणि जेवून घ्या.

रायशेलनं ठोकळा तिपाईवर बसवला, त्यात शहाणपण होतं. तीन पाय कुठल्याही फरशीवर टेकतात. चार पायांच्या टेबलाचा एक पाय कायम घडी केलेल्या वर्तमानपत्रावर उभा असतो आणि गज ओढला की तोच पहिला सम धरतो. त्यात कपाटातल्या स्टीलच्या ताटल्या साथीला येतात. कुठली ताटली गुणगुणते हे शोधायला एकानं गज ओढायचा आणि दुसऱ्यानं एकेकीवर बोट ठेवत जायचं. दुसरा माणूस फारसा टिकत नाही.

पट्टीचा स्वतःचा आवाज बारीक, म्हणून ठोकळ्यावर पिझो चकती, म्हणजे कंपाची वीज करणारा चपटा माइक, चिकटवावी लागते. २७ मिमीची, पितळी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग दोन सेकंदांत उरका. जास्त तापवलं तर थर उचकटतो. चिकटवायला इपॉक्सीचा पातळ थर हवा, जाड फोम टेपनं वरचे सूर गिळले जातात. आणि चकतीची वायर सरळ लॅपटॉपला जोडू नका. पिझोला किमान १ मेगाओम रोधाचा (इम्पिडन्सचा) इनपुट लागतो. तो नसेल तर खर्ज गळतो आणि उरतो डबा वाजल्यासारखा आवाज. वायर शील्ड केलेली, म्हणजे धातूच्या जाळीत गुंडाळलेली, नसेल तर ५० हर्ट्झचा गुंजारव सुरू होतो. त्याला तानपुरा समजून त्यावर सूर लावणारे लोक आहेत. त्यांना तसंच सुखी राहू द्या.

वाजवताना डाव्या हातात आणखी एक लाकडी ठोकळा धरतात, त्याचं नावही डॅक्सच. त्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरीला सतारीसारखे पडदे. तो पट्टीवर दाबत पुढेमागे न्यायचा: गुळगुळीत बाजूनं मींड, पडद्यांच्या बाजूनं पायऱ्या. ऐकायला सोपं आहे. पण अशा पट्टीचे वरचे स्वर तारेसारखे दुप्पट-तिप्पट नसतात. पहिलाच मूळ स्वराच्या ६.२७ पट उंच. त्यामुळे गजाची जागा बोटभर चुकली की भारदस्त घोरणं चालू असताना आवाज अडीच सप्तकांहून वर उडी मारतो आणि पाय दरवाजात चेमटल्यासारखा किंचाळतो. उपाय एकच, गज सावकाश आणि दाबून. घाई केली की किंचाळी ठरलेली.

गजाच्या केसांना लावलेली राळ पट्टीच्या कडेला धरली पाहिजे, म्हणून तिथे पॉलिश लावू नका. धार किंचित गोल करा, नाहीतर गजाचे केस तुटतात. खोबरेल तेलाचा हात कडेला लागला तर गज नुसता घसरतो. डोक्याला तेल रात्री लावा. पावसाळ्यात गजाचे केस ओल धरून लांबतात, तेव्हा स्क्रू आणखी आवळावा लागतो. वाजवून झाल्यावर तो ढिला करायला विसरलात तर एखाद्या कोरड्या दुपारी केस आखडतात आणि गजाची काठी वाकते.

शेवटी क्लॅम्प सोडला की टेबलाच्या कडेखाली त्याच्या बोटाचा गोल वळ दिसतो. वरून दिसत नाही, पण फरशी पुसताना दिसतो. त्या दिवसापासून फरशी तुम्हीच पुसा.