वस्तीत खेळ न्यायचाय? आधी बॅनर मापून घ्या

मार्च जवळ आला की गरीब पोरांसाठी काहीतरी करावंसं तुम्हालाही वाटायला लागलं असेल. वाटणारच. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्चायला लावलेत, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळही बसतात. तेव्हा लाजू नका, या.

मंजुऱ्या, पत्रं, पाहुण्यांच्या तारखा करता करता कार्यक्रम मे महिन्यात जाऊन पडतो. पडू द्या. जळगाव-भुसावळला तेव्हा पारा ४४-४५ला टेकलेला असतो, पण मंडप पाहुण्यांच्या डोक्यावर असतो ना! पोरं काटक आहेत, असं भाषणात एकदा म्हणून टाकायचं. दिवाळीनंतर हवा बरी असते म्हणा; पण तेव्हा कपाशी फुटते, बरीच पोरं वेचणीला जातात, आणि धुळे-नंदुरबारकडची कितीतरी आईबापामागे ऊसतोडीला गुजरातेत. रिकाम्या मैदानाचे फोटो चांगले येत नाहीत.

खेळ निवडताना खो-खोच्या नादी लागू नका. २७ बाय १६ मीटर सपाट जमीन, दोन खांब आणि रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन येणारा एक माणूस, एवढ्यावर जो खेळ उभा राहतो त्यात देण्यासारखं काय आहे? खांबावर नाव लिहून लिहून किती लिहिणार? आणि तो रोज येणारा माणूस तर मुळीच नको. त्याला दरमहा पगार लागतो, आणि पगाराचं उद्‌घाटन करता येत नाही. आट्यापाट्या, लंगडी तर पोरांना आधीच येतात. जे येतं ते शिकवण्यात काय अर्थ?

फुटबॉल द्या. मीही एकदा सहा दिले होते. दोन महिन्यांनी गेलो तर सहाही कपाटात, निपचित. कुलूप का, तर ‘साहित्य खराब होतं.’ हवा का नाही, तर पंप आहे, पण पंपाची ती बोटभर सुई हरवलेली. तालुक्याला कोण जाणार? स्टॉक रजिस्टरवर मात्र सहाच्या सहा हजर होते. इतकं नीट ठेवलेलं साहित्य मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही.

टी-शर्ट एकाच मापाचे शिवून घ्या, स्वस्त पडतात. गुडघ्यापर्यंत आले तर पाठीवरचं तुमचं नाव उलट मोठं दिसतं.

प्रशिक्षक पुण्याचाच आणा. धडगाव-मोलगीकडची पोरं घरी पावरी-भिली बोलतात, त्यामुळे तो ‘टीम स्पिरिट’ म्हणाला की पोरं गप्प बसतात. अहवालात याला शिस्त म्हणतात. मुलींना त्यानं नेतृत्वगुण समजावून सांगावेत. कडेवर धाकटा भाऊ घेऊन, तीन शेळ्या हाकत, पाण्याची कळशी भरून आलेल्या पोरीला हे कुणीतरी सांगायलाच हवं. भावाला तासभर सांभाळायला कुणी ठेवलं तर ती खेळेलसुद्धा, पण बजेटमध्ये असं सदरच नसतं.

जागेची चिंता नको. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान लागतंच. कागदावर आहेच. प्रत्यक्षात तिथं वाळूचा ढीग असेल तर त्याच्या अलीकडे खुर्च्या मांडा.

मग दीपप्रज्वलन, सत्कार, चार भाषणं. पोरं टी-शर्ट घालून रांगेत. पाहुणे पहिला बॉल बुटानं हळूच ढकलतात, फोटोसाठी पुन्हा ढकलतात. तेवढ्यात पुढचा पोरगा विचारतो, “सर, फोटो व्हयना का? आते खेळूत का?”

त्याच्याकडे बघून हसायचं. पाहुण्यांची शेवभाजी थांबलेली असते. बॉल जाळीत भरा, मोजा, सही घ्या. दिले सहा, परत सहा. एकालाही माती लागलेली नाही, हे अहवालात ठळक अक्षरात येऊ द्या.