उरलंय काही चकलीला?

मराठी घरात अन्न उरत नाही. ते रात्री फ्रीजमध्ये जातं आणि सकाळी दुसरं नाव घेऊन बाहेर येतं. ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, कारण तोवर मी डब्यात येईल ते खाऊन बँकेत व्हाउचरं तपासत होतो. डोळे उघडले ते कुत्रीमुळे.

कुत्री लेकीची. लेक नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि कुत्री ठाण्यात पाचपाखाडीला आमच्याकडे राहिली. तलावपाळीवरच्या एका टपरीखाली सापडलेलं पिल्लू. शेपटीचं वेटोळं बघून लेकीने नाव ठेवलं चकली. त्यामुळे दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरातून ‘चकली आज नरम वाटतेय’ असं ऐकू आलं, की शेजारी भाजणीबद्दल सल्ले देतात आणि मी डॉक्टरांचा नंबर शोधतो.

चकलीच्या कोरड्या खाण्याच्या पिशवीवरची किंमत मी एकदा चष्मा लावून वाचली. मग पिशवी उलटी करून घटकपदार्थ वाचले. मका, तांदूळ, कोंबडी, भाज्या. यातलं काय आपल्याकडे मिळत नाही? “घरात एवढं अन्न उरतं, त्यात हिचं सहज भागेल,” असं मी जाहीर केलं. बायकोने पोळी लाटता लाटता विचारलं, “कुठे उरतं?”

मला तो टोमणा वाटला. ती निव्वळ माहिती होती.

त्या रात्रीपासून मी ओट्याशी उभा राहून विचारू लागलो, “उरलंय काही चकलीला?” भाताच्या पातेल्याकडे हात नेला, तर तो उद्याचा फोडणीचा भात निघाला. डब्यातल्या पोळ्या कुस्कऱ्यासाठी राखून ठेवलेल्या. कुस्करा नको असेल तर आई गूळ-तूप घालून त्यांचे लाडू वळणार होती. उरलेली आमटी थालीपिठाच्या पिठात जाणार होती. मग मी मोर्चा सालींकडे वळवला. दोडक्याच्या शिरांची चटणी होते. दुधीच्या सालींची तीळ घालून होते. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत, कलिंगडाचा पांढरा गर धिरड्यात. लाल भोपळ्याच्या बियासुद्धा खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत होत्या. ओल्या कचऱ्याच्या बादलीत आमचा वाटा एवढाच, चहाचा चोथा. तोही आधी गुलाबाच्या कुंडीत जातो आणि कुंडी भरली तरच बादलीत येतो. मी शिल्लक म्हणून धरलेलं सगळं अन्न आधीच गहाण पडलेलं होतं.

तरी अधूनमधून काहीतरी निसटायचं. एकदा अर्धी वाटी मटकीची उसळ माझ्या हाती लागली. ती चकलीला देण्याआधी विचारलेलं बरं, म्हणून नौपाड्यातल्या प्राण्यांच्या डॉक्टरला फोन केला. तरुण मुलगा आहे, मला काका म्हणतो.

“काका, उसळीत कांदा आहे?”

“आहे.”

“लसूण?”

मला त्याची कीव आली. लसणाशिवाय उसळ खाऊन वाढलं असेल बिचारं पोर.

मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. कांदा-लसणातल्या गंधकाच्या द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि त्याला रक्तक्षय होतो. शिजवून, तळून, वाळवून ती द्रव्यं जात नाहीत. लसूण तर कांद्याहून वाईट. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर मुळीच नको, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. शिजलेलं हाड टोकदार तुकड्यांत फुटतं, म्हणून तेही नको. मी हे सगळं वीजबिलाच्या पाठीवर उतरवून घेतलं आणि आईला वाचून दाखवलं. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही, तिखट नाही. आई म्हणाली, “हा तर माझा चातुर्मास.” खरंच होतं. फरक इतकाच, की आईचा चातुर्मास चार महिन्यांत संपतो आणि त्यात कोंबडी नसते.

आईला या प्रकरणातलं काहीच पटत नव्हतं. “कुत्र्याला चतकोर टाकायची असते. त्याचं काय मेलं कौतुक!” हे एका बाजूने. दुसऱ्या बाजूने नामदेव. कुत्र्याने भाकरी पळवली तर देव कोरडी खातोय म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आईने मला लहानपणी सांगितली होती आणि आता ती रोज तुपाच्या वाटीसकट चकलीच्या मागे उभी राहायची. डॉक्टरचं म्हणणं, तूप नको, फार स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. हे मी आईला सांगितलं नाही. डॉक्टर नामदेवांपेक्षा शहाणा ठरला असता आणि त्याचं पाप मला लागलं असतं. शिवाय आईकडे हुकमाचा एक्का शिल्लक होताच. “दत्ताच्या पायाशी चार आहेत. एकाला तरी डॉक्टरकडे नेल्याचं ऐकलंयस?”

गंमत अशी, की विज्ञान थोडं आईच्या बाजूचं आहे. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिलं, की पिष्ट पचवायला लागणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या दारात हजारो वर्षं बसून त्याला माणसाचं धान्य पचू लागलं. मी हे मोठ्या कौतुकाने आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्यासाठी स्वीडनला कशाला जायला हवं होतं? मला विचारायचं.”

पण त्याच २०१३ सालचा दुसरा कागद लेकीने बेंगळुरूहून पाठवला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या १९० पाककृतींत एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. “बाबा, तुमची तर पाककृतीसुद्धा नाही. तुमचं धोरण आहे,” असा खाली शेरा. सोबत एक्सेलची शीट.

त्या शीटमध्ये चकलीला किती उष्मांक लागतात याचं सूत्र होतं. वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०. मी आयुष्यभर सरळव्याज, चक्रवाढ, दंडव्याज सगळं केलं, पण पाऊण घात कुठल्याही कर्जदाराला लावला नव्हता. शेवटी साध्या कॅल्क्युलेटरवर वाट सापडली: १४ किलोचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, दोघांचा गुणाकार करा, मग ७० ने गुणा. आले ५०७. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे दिवसाला ८०० च्या आसपास. बायको म्हणाली, “स्वतःच्या जेवणाचा कधी एवढा हिशेब केलात? पोट बघा.” चकलीने माझ्या पोटाकडे बघितलं. घरात या विषयावर दोघींचं एकमत आहे.

आता ८०० उष्मांक चहाच्या चोथ्यातून येणार नव्हते. निमूटपणे ताजा स्वयंपाक सुरू झाला. आईला ओट्यावर सामिष चालत नाही, म्हणून गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली इंडक्शनची शेगडी मांडली. तांदूळ, लाल भोपळा, गाजर, फरसबी एका पातेल्यात. कोंबडी वेगळ्या पातेल्यात, बिनहाडाची, बिनमिठाची. चिकनवाला सुरुवातीला अदबीने “साहेब, पाहुणे?” म्हणून विचारायचा. कुत्रीसाठी आहे कळल्यावर त्याने माझ्या शर्टाकडे, मग चपलांकडे बघितलं आणि कलेजी-पेटा फुकट दिला. डॉक्टरने कलेजीही बेताचीच सांगितली होती, तिच्यात अ जीवनसत्त्व फार. मग फुकट मिळालेली वस्तू पूर्ण वापरता येत नाही, या दुःखात माझा तो रविवार गेला.

सगळ्यात मोठा प्रसंग कॅल्शियमचा. मांस आणि भात एवढ्यावर कुत्रं ठेवलं तर फॉस्फरस भरपूर मिळतो आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. उपाय घरचाच आहे. अंड्याची टरफलं धुऊन, उकळून, वाळवून त्यांची बारीक पूड करायची. एका टरफलातून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पूड कशात करायची, याचं उत्तर सोपं होतं. ज्या भांड्यात आई चतुर्थीचं खोबरं वाटते त्यात. मिक्सरचा आवाज थांबला आणि घर जे शांत झालं, ते दुपारी गोखले रोडवरून नवं भांडं येईपर्यंत. त्याची किंमत मी खाण्याच्या पिशवीच्या किमतीशी ताडून बघितली नाही. काही बेरजा माणसाने निवृत्तीनंतर करू नयेत.

एवढं करून थाळी वाढली, तर चकलीने काय करावं? भोपळ्याखालून कोंबडीचा प्रत्येक तुकडा अलगद उचलला आणि फरसबी एकेक करून लादीवर मांडून ठेवली. कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० रुचिकलिका असतात, माणसाच्या जिभेवर ९,००० च्या आसपास. या १,७०० मध्ये फरसबी ओळखणाऱ्या किती, हे कोणीतरी शोधायला हवं. संध्याकाळी तलावपाळीला फिरायला नेलं, तर हीच बाई शेवपुरीचा कागद चाटायला मासुंदा तलावाला अर्धी प्रदक्षिणा घालते.

कोंबडी संपायची आणि बिनमिठाचा भाज्यांचा भात उरायचा. अखेर घरात काहीतरी उरलं! पण चकली त्याला तोंड लावेना. एका सकाळी नाश्त्याला फारच छान मसालेभात होता; भोपळा, गाजर, फरसबी, वरून खोबरं-कोथिंबीर. मी दुसऱ्यांदा घेतला. बायको माझ्याकडे बघत होती. “कोंबडीचं पातेलं वेगळं होतं, भाताचं वेगळं. मोहरी, हिंग, कांदा, लसूण घातला की झालं. टाकून द्यायचा होता का एवढा भात?” त्या दिवसापासून आमच्या घराची नीट घडी बसली. ताजं कुत्री खाते, शिळं आम्ही खातो.

इथवर प्रकरण चार भिंतींत होतं. पण मी कुत्रीसाठी रांधतो ही बातमी लिफ्टमधून सोसायटीभर गेली आणि डबे यायला लागले. आपल्याला नको ते अन्न सत्पात्री पडणार याचं समाधान दारात उभ्या असलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर. चायनीज भेळ. वाढदिवसाचा चॉकलेट केक. मटणाची हाडं, “खास तिच्यासाठी बाजूला काढली.” बेदाणे घातलेला चिवडा. मी प्रत्येक डबा उघडून कस्टमच्या अधिकाऱ्यासारखा तपासायचो आणि एकही सुटायचा नाही. कोणीतरी सुचवलं, मग खालच्या कुत्र्यांना घाला. पण खालच्यांच्या रक्तपेशी काही वेगळ्या नसतात. शिवाय सेक्रेटरी केंद्र सरकारचे २०२३ चे नियम घेऊन बसले. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा सोसायटीने ठरवायची, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी, आणि मुलं-म्हातारी कमी फिरतात अशी हवी. सगळं वजा जाता आमच्या आवारात सेक्रेटरींच्या गाडीची जागा उरली. बैठक तहकूब झाली.

डब्यांत एकच डबा निर्दोष असायचा. समोरच्या मासींचा. त्या जैन. त्यांच्या घरी कांदा-लसूण शिरत नाही. त्यांची मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आली तेव्हा मी घटकपदार्थ विचारले, डॉक्टरला विचारलं, होकार मिळाला. वाडगा घेऊन आलो तर आई खिचडीवर तूप वाढून घेऊन जेवायला बसली होती. “इतकी सुरेख खिचडी कुत्रीला घालतोस? मासींना काय वाटेल!” नामदेवांचा दाखला या वेळी निघाला नाही.

आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो. ही बाब माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. चायनीज भेळेच्या डब्यातून बायकोने शिरा पाठवला. केकच्या डब्यातून नारळाच्या वड्या गेल्या. मटणाचा डबा घासून, उन्हात ठेवून त्यात साबुदाण्याची खिचडी भरली. चकलीने यातला एक घास खाल्लेला नाही, पण आमच्याकडे गुळाची ढेप आता पूर्वीच्या निम्म्या दिवसांत संपते. सोमवारी खिचडी असते हे कळल्यापासून रविवारी रात्रीच दारात डब्यांची रांग लागते.

परवा चौथ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. चकलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आईची चौकशी केली आणि मग हळूच विचारलं, “येत्या चतुर्थीला उकडीचे मोदक करणार आहात ना? नाही, आदल्या दिवशी आमच्याकडे बिर्याणी आहे. बरीच उरेल म्हणते मी.”