काय मोजायचं, हे मानशीकारालाही विचारा

गोव्याच्या किनाऱ्यावर संशोधन कमी होत नाही. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासूनची आहे. अडतं ते इथं: काय मोजायचं हे ठरतं, तेव्हा ते आकडे वापरणारा माणूस बैठकीत नसतो.

खाजनाचंच घ्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतजमिनीचं. महिन्यातून एकदा, होडी मिळेल तेव्हा, नदीच्या मध्यावर खारेपणा मोजला तरी शोधनिबंध होतो. बांध सांभाळणाऱ्याला मात्र मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, दोन्ही बाजूंचं पाणी मोजलेलं हवं असतं, तेही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, भरतीला आणि ओहोटीलाही. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात. मध्ये ओंडका किंवा जाळं अडकलं की फट राहते आणि खारं पाणी शेतात शिरतं. कुर्ल्यांनी बांध कुठं पोखरलाय, माथा कुठं खचलाय, हे मानशी सांभाळणाऱ्या मानशीकाराला आणि कुळांना ठाऊक असतं. उपकरण कुठं लावायचं हे त्यांना न विचारता ठरवणं मला चुकीचं वाटतं.

पातळीचा घोळ तर नेहमीचा. भरतीचे तक्ते नौकानयनाच्या नकाशावरच्या शून्यापासून मोजतात, बांधाची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुरगावला या दोन शून्यांत मीटरभराहून जास्त अंतर आहे. ते न जुळवता बांधाची उंची ठरवली, तर सगळा हिशेबच चुकतो. आकडे वापरणारा अभियंता सुरुवातीपासून सोबत असेल, तर ही चूक पहिल्याच दिवशी सापडते.

वाळूच्या किनाऱ्याचंही तेच. पावसाळ्यात वाळू आत समुद्रात जाते, पाऊस सरला की हळूहळू परतते. फक्त जानेवारीत मोजणी केली तर किनारा नेहमी रुंदच दिसेल. दर महिन्याला, त्याच पक्क्या खुणेपासून, ओहोटीला किनाऱ्याचा छेद घ्यायला हवा, म्हणजे खुणेपासून पाण्यापर्यंतचा चढउतार मोजायला हवा. खूण वाळूच्या टेकडाच्या मागे, पक्क्या बांधकामावर ठेवा; वाळूत रोवलेला खांब टिकत नाही.

प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी हव्यात: निर्णय कोणता, घेणार कोण, कधीपर्यंत. बांधाची डागडुजी पावसाआधी उरकायची, तर माहिती जानेवारीतच हाती यायला हवी. जूनमधला अहवाल वर्षभर पडून राहतो.

आकडे वापरणाऱ्यांना असं सामील केलं तर संशोधकाचं स्वातंत्र्य जाईल, अशी भीती असते. ती खोटी नाही. म्हणूनच आकडे वापरून निर्णय घेणाऱ्याचा शब्द प्रश्न ठरवण्यापुरता असावा. निष्कर्षात त्याला हात घालू देऊ नये, हे आधीच लिहून घ्यावं. आणि बैठकीसाठी मानशीकाराचा दिवस मोडतो, त्याची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात धरा.