तिकिटावर ‘युजर एरर’ लिहिण्याआधी

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या तक्रारी सोडवणाऱ्या सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. परवा आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने तो मला पाठवला, ‘मॅडम, हे लक्षात ठेवतो’ असं लिहून. मेसेज असा: ‘दहातल्या नऊ तक्रारी युजरच्याच चुका असतात. दोष सिस्टिमचा असता तर सगळ्यांनाच आला असता. आपल्याकडे रिप्रोड्यूस होत नसेल तर तिकीट बंद करा. युजरला एररचे तपशील दाखवू नका, तो घाबरतो. लॉगमध्ये ते असतातच.’ (तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद, रिप्रोड्यूस म्हणजे तोच दोष आपल्याकडे पुन्हा घडवून पाहणं, लॉग म्हणजे सिस्टिमने आपोआप ठेवलेल्या नोंदी.) कंपनीचा माल, हिशेब सांभाळणाऱ्या ईआरपी सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. त्या मुलाला जे उत्तर लिहिलं तेच इथे देते आहे.

‘दहातल्या नऊ चुका युजरच्या.’ हा आकडा येतो कुठून? तिकीट बंद करताना आपण ज्या ड्रॉपडाउनमधून कारण निवडतो, तिथून. कारण सापडलं नाही, वेळ संपत आली, की ‘युजर एरर’ निवडायचं आणि सुटायचं. महिनाअखेरीला त्याचाच रिपोर्ट निघतो आणि आपलंच लिहिलेलं आपण पुरावा म्हणून वाचतो. पासवर्ड विसरणं, चुकीचा मास्टर (माल, पुरवठादार यांची मूळ माहिती) भरणं हे रोज होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या ढिगात काय काय दडपलं जातं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चाकणच्या बाजूला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक ताई मालाची आवक नोंदवायच्या. अधूनमधून मालासोबत येणाऱ्या एकाच चलनाच्या दोन जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी) पडायच्या आणि स्टॉक दुप्पट दिसायचा. तीन तिकिटं ‘युजर एरर, डबल एंट्री’ म्हणून बंद झाली होती. चौथ्या वेळी मी स्वतः गेले. ताईंनी रजिस्टरचं मागचं पान उघडून पुढे केलं. तारीख, घड्याळातली वेळ, चलन नंबर, स्क्रीनवर काय आलं, सगळं निळ्या पेनाने ओळीने लिहिलेलं. सगळ्या वेळा दुपारी चार ते साडेचारमधल्या. त्याच वेळात साठ्याची किंमत काढणारा स्टॉक व्हॅल्युएशनचा जॉब आपोआप चालायचा आणि नोंदींचं टेबल लॉक व्हायचं, म्हणजे नवी नोंद अडून राहायची. स्क्रीन तीस सेकंद थांबून सांगायची, ‘काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ मागे डेटाबेसमध्ये मात्र लॉक सुटला की पहिली नोंद पक्की व्हायची. ताई पुन्हा प्रयत्न करायच्या, कारण स्क्रीननेच तसं सांगितलेलं असायचं. आमच्या सूचनेचं पालन केलं म्हणून आम्ही त्यांना तीनदा दोषी धरलं होतं.

‘सिस्टिमचा दोष असता तर सगळ्यांनाच आला असता.’ ब्रिटनच्या पोस्ट खात्याची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बघा. 1999 पासून ती गावोगावच्या पोस्टांत बसवली गेली, पुढे चालवली फुजित्सूने. हिशेबात तूट दिसल्यावर अनेक पोस्टमास्तरांना सांगितलं गेलं, ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय.’ 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या पोस्टमास्तरीणबाई 8,000 पौंड दुसऱ्या शाखेकडे नोंदवत होत्या. स्क्रीन जागची हलेना, म्हणून त्यांनी एंटर पुन्हा पुन्हा दाबलं. तीच रक्कम चार वेळा नोंदली गेली आणि 24,000 पौंडांचा फरक पडला. नंतर शोध घेतला तेव्हा गेल्या पाच वर्षांत 88 शाखांत मिळून असे 112 प्रसंग निघाले. त्या 88 जणांनी एकमेकांना ओळखण्याचं काही कारणच नव्हतं. सगळ्यांच्या तक्रारी एका जागी दिसतात त्या सपोर्टला, म्हणून ‘हे आणखी कुणाकडे झालंय का?’ हा प्रश्न आपणच विचारायचा असतो.

‘रिप्रोड्यूस होत नसेल तर तिकीट बंद करा.’ आपण जिथे तपासून पाहतो त्या टेस्ट सर्व्हरवर दुपारी चारचा जॉब नसतो, गावचं तुटक नेटवर्क नसतं, एकाच क्षणी दोन काउंटर चालू नसतात. त्यामुळे वेळेवर अवलंबून असलेला दोष तिथे दिसतच नाही. होरायझनमध्ये सापडलेल्या चुकांची नोंद ठेवणारा ‘नोन एरर लॉग’ फुजित्सूकडे होता, तरी प्रणाली भरवशाची आहे असंच न्यायालयांना सांगितलं जात राहिलं. त्यातच, संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची अट घालणारं 1984 च्या ब्रिटिश कायद्यातलं 69 वं कलम 1999 च्या कायद्याने रद्द झालं होतं. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असं गृहीत धरलं जाऊ लागलं. पोस्टमास्तरीण सीमा मिश्रा यांना हिशेबातल्या तुटीवरून दोषी ठरवून 2010 मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. त्यांची शिक्षा रद्द झाली 2021 मध्ये. अशी 900 हून अधिक माणसं दोषी ठरली होती. डिसेंबर 2019 च्या निकालात प्रणालीतले दोष न्यायालयाने मान्य केले, तोवर कित्येकांचं घरदार गेलं होतं. म्हणून ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, असं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

‘तपशील दाखवू नका, लॉगमध्ये असतात.’ स्टॅक ट्रेस, म्हणजे कोडच्या आत चूक कुठे झाली त्याची यादी, दाखवू नये हे बरोबर, त्यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. पण लॉगमध्ये असणं म्हणजे कुणी वाचणं नव्हे. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर जुना कोड राहून गेला. बाजार उघडण्याआधी तिच्याच यंत्रणेने त्या गडबडीकडे बोट दाखवणारे 97 ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारा म्हणून कुणी पाहिले नाहीत. साधारण पाऊण तासात 46 कोटी डॉलर बुडाले.

आणि युजर घाबरतो तो तपशिलाने नव्हे. काम झालं की नाही तेच कळत नाही, त्याने घाबरतो. त्या स्टोअरच्या स्क्रीनवर आता असं येतं: ‘नोंद झाली की नाही हे तपासत आहोत. पुन्हा सेव्ह करू नका.’ खाली वेळ आणि संदर्भ क्रमांक. तोच क्रमांक लॉगच्या ओळीत असतो, त्यामुळे फोनवर ताईंनी तो वाचून दाखवला की मला थेट ती ओळ सापडते. प्रत्येक फॉर्म उघडताना त्याला एक वेगळी किल्ली मिळते. तीच किल्ली घेऊन दुसऱ्यांदा सेव्ह आलं तर नवी जीआरएन बनत नाही, पहिलीचाच नंबर परत येतो. हे दोन दिवसांचं काम होतं. तीन तिकिटं बंद करण्याच्या घाईत आम्ही ते सहा महिने लांबवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ड्रॉपडाउनमध्ये आम्ही ‘कारण सापडलं नाही’ असा पर्याय घातला. ती तिकिटं बंद होत नाहीत. दर शुक्रवारी आम्ही ती वेळेनुसार लावून एकत्र वाचतो. पहिल्याच महिन्यात आणखी एका कारखान्याची तिकिटं त्यात सापडली, वेळ तीच, चार ते साडेचार.