अचूक नकाशातून आराखडा आपोआप निघतो का?

अवकाशीय प्रतिमाने (म्हणजे एखाद्या जागेचे गणिती किंवा संगणकीय नमुने) आणि त्यांवर आधारलेली रचना यांविषयीचा एक मजकूर बरेच दिवस हातोहाती फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: जागा सर्वत्र एकच असते, ती अचूक मोजून संगणकात भरली की प्रतिमान तयार होते आणि त्यातून आराखडा आपोआप निघतो. म्हणून भूगोल, वास्तुकला, परिसंस्थाशास्त्र, खाणशास्त्र, वैद्यक अशा प्रत्येक शाखेने यावर वेगळे संशोधन करत बसणे म्हणजे तेच दळण पुन्हा दळणे होय. यंत्रशिक्षण (आकड्यांवरून संगणकाने स्वतःच नियम शिकणे) आल्यापासून तर या संशोधनाची उरलीसुरली गरजही संपली आहे, असे त्यात म्हटले आहे. पुरावा म्हणून १८५४ सालच्या लंडनमधील कॉलऱ्याच्या नकाशाचा दाखला दिला जातो: डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या, खुणांनीच दूषित पंपाकडे बोट दाखवले, आणि साथ थांबली.

सुरुवात या दाखल्यापासूनच करायला हवी, कारण तो मूळ दाव्याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो. कॉलरा पाण्यातून पसरतो हे मत स्नो यांनी १८४९ मध्येच छापून मांडले होते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्या सार्वजनिक पाण्याच्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला, तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. आणि स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा आहे. म्हणजे नकाशाने विचार सुचवला नाही, तर विचाराने नकाशा घडवला. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, याच साथीचे आणखी नकाशे त्या काळी काढले गेले. गटारांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे अभियंता एडमंड कूपर यांनी मृत्यूंच्या जागा नोंदल्या त्या गटारांवर येणारा आळ खरा की खोटा हे पाहण्यासाठी. आरोग्य मंडळाच्या चौकशीतही याच वस्तीचा नकाशा होता, आणि तरीही मंडळाने स्नो यांचे अनुमान नाकारून कॉलरा दूषित हवेतून पसरतो हा सिद्धान्तच उचलून धरला. रस्ते तेच, मृत्यू तेच आणि निष्कर्ष मात्र निराळे.

स्नो यांची खरी करामत दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे अपवादांचा शोध. पंपाजवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगार आणि शेजारच्या अनाथ-निर्धनांच्या आश्रयगृहातले बहुसंख्य लोक वाचले होते, कारण दोन्ही ठिकाणी पाण्याची स्वतःची सोय होती. उलट हॅम्पस्टेडसारख्या दूरच्या भागातली एक विधवा दगावली, कारण ती चवीसाठी याच पंपाचे पाणी मागवून पीत असे. दुसरी गोष्ट प्रतिमानाची. नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक रेषा आखली, जिच्यावरील प्रत्येक बिंदू या पंपापासून आणि जवळच्या इतर पंपांपासून सारख्याच अंतरावर होता. हे अंतर पट्टीने मोजलेले सरळ अंतर नव्हते. रस्त्याने चालत जाताना पडणारे अंतर होते. बादली घेऊन निघालेला माणूस भिंतीतून जात नाही, हे साधे ज्ञान त्या रेषेत आहे, आणि ते मोजणीच्या अचूकतेतून आलेले नाही.

‘जागा सर्वत्र एकच असते’ हा दाव्याचा पहिला खांब इथेच डळमळतो. जवळ म्हणजे काय, हा प्रश्न प्रत्येक शाखेत वेगळ्या रीतीने उभा राहतो. बिल हिलियर, ज्युलियन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये विकसित केलेल्या अवकाश-विन्यासाच्या (रस्ते आणि जागा एकमेकांना कशा जोडलेल्या आहेत हे पाहणाऱ्या) पद्धतीत दोन रस्त्यांमधले अंतर मीटरमध्ये मोजण्यापेक्षा वाटेत किती वळणे घ्यावी लागतात याला महत्त्व दिले जाते, कारण अनोळखी ठिकाणी माणूस वळणे जास्त लक्षात ठेवतो. ट्रॅफल्गार चौकाच्या २००३ मध्ये पूर्ण झालेल्या पुनर्रचनेत, उत्तरेकडचा रस्ता वाहनांना बंद करून मधोमध रुंद पायऱ्या आणताना, पादचारी नेमके कुठून जातात आणि कुठे जाणे टाळतात याच्या अशा अभ्यासाचा उपयोग झाला. मेंदूच्या संशोधनात तर ‘तेच ठिकाण’ म्हणजे काय हेच ठरवावे लागते. १९८८ मध्ये तालायराक आणि तुर्नू यांनी प्रसिद्ध केलेली सर्वपरिचित निर्देशक चौकट (मेंदूतील प्रत्येक बिंदूची जागा आकड्यांत सांगणारा नकाशा) एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या मेंदूवर आधारलेली होती. पुढे माँट्रियलमध्ये १५२ व्यक्तींच्या मेंदूंची सरासरी घेऊन दुसरी चौकट तयार झाली. प्रत्येकाचा मेंदू ताणून, दाबून त्या चौकटीत बसवल्याशिवाय दोघांच्या मेंदूतील एकाच बिंदूबद्दल बोलताच येत नाही. या जागेला भूगोलातली जागा म्हणणे हा केवळ शब्दांचा खेळ होईल.

शाखांनी एकमेकींकडून काही घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत मोजक्या नमुन्यांवरून धातूचे प्रमाण ठरवताना होणाऱ्या चुका डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये दाखवून दिल्या, आणि फ्रान्समध्ये जॉर्ज मातराँ यांनी त्या विचाराला गणिती रूप दिले. ‘क्रिगिंग’ या नावाने ती पद्धत (मोजलेल्या ठिकाणांवरून मधल्या न मोजलेल्या ठिकाणांचा अंदाज बांधणे) पुढे माती, भूजल आणि हवामान यांच्या अभ्यासात गेली. मात्र अंतर वाढत जाते तसे दोन ठिकाणांमधले साम्य कसे कमी होत जाते, हे तिथे प्रत्येक नव्या क्षेत्रात नव्याने पाहावे लागते. खडकात जे साम्य सलग सरकते, ते एखाद्या शहराच्या हवेत उंच इमारतींच्या एका रांगेपाशी तुटू शकते. पद्धत उसनी मिळते. तिची गृहीतके मात्र उसनी घेता येत नाहीत.

दुसरा खांब अचूक मोजणीचा. समजा प्रत्येक आकडा निर्दोष आहे. तरीही आकडे कोणत्या विभागांत गोळा करायचे हे कुणाला तरी ठरवावे लागते. ओपनशॉ आणि टेलर या भूगोल अभ्यासकांनी १९७९ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ९९ काउंट्यांचे (जिल्ह्यांसारख्या विभागांचे) आकडे घेतले: रिपब्लिकन पक्षाच्या मतांचे प्रमाण आणि वृद्धांचे प्रमाण. त्याच काउंट्या वेगवेगळ्या तऱ्हांनी मोठ्या गटांत जोडल्या तर या दोन प्रमाणांमधला सहसंबंध (उणे एक म्हणजे एक वाढले की दुसरे घटते, अधिक एक म्हणजे दोन्ही एकत्र वाढतात) जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत कुठेही नेता येतो, असे त्यांना आढळले. एकही आकडा न बदलता निष्कर्ष उलटा होतो, याहून स्पष्ट उत्तर या मुद्द्याला देता येईल असे मला वाटत नाही. मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्यांना ही गोष्ट अभ्यासकांच्या कितीतरी आधी कळली होती, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

राहिला प्रश्न प्रतिमानातून आपोआप निघणाऱ्या रचनेचा. भूदृश्य-रचनाकार इयन मॅकहार्ग यांनी १९६०च्या दशकात उतार, वने, पाणी, वस्ती अशा थरांचे पारदर्शक नकाशे (जिथे नुकसान जास्त तिथे गडद छटा) एकावर एक ठेवून, जिथे सर्वांत कमी काळेपणा उरेल तिथून महामार्ग न्यावा, ही पद्धत लोकप्रिय केली. ती दृष्टी मोठी होती, आणि आजची सॉफ्टवेअरेही मुळात हेच थर रचतात. पण तीव्र उताराला ३ आणि जुन्या वनाला ३ गुण देऊन त्यांची बेरीज ६ केली, तर ते ६ नेमके कशाचे? उताराचे तीन वनाच्या तिनाइतके आहेत हे मोजून ठरलेले नसते, ते आखणाऱ्याने ठरवलेले असते. भूदृश्य-नियोजनाचे अभ्यासक कार्ल स्टाइनिट्झ यांच्या चौकटीत म्हणूनच सहा प्रश्न आहेत: पहिले तीन, प्रदेश कसा आहे, कसा चालतो आणि नीट चालतो का, पुढचे तीन, तो कसा बदलता येईल, त्याचे परिणाम काय होतील आणि तो कसा बदलावा. अभ्यासाची पद्धत ठरवताना हे प्रश्न शेवटापासून मागे असे घ्यायचे असतात, म्हणजे निर्णय कोणता आणि कुणाचा हे आधी आणि आकडे कोणते लागतील हे नंतर. फिरत्या मजकुरातला क्रम याच्या नेमका उलटा आहे.

यंत्रशिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण इथली चूक तांत्रिक आहे आणि ती उघड दाखवता येते. प्रतिमान किती खरे ठरते हे पाहण्यासाठी काही नोंदी बाजूला ठेवण्याची रीत आहे. त्या स्वैरपणे निवडल्या तर प्रत्येक नोंदीची शेजारीण शिकवणीच्या आकड्यांत आधीच बसलेली असते, आणि जवळच्या गोष्टी एकमेकींसारख्या असल्याने यंत्र उत्तर ओळखण्याऐवजी शेजारणीचे उत्तर उतरवून काढते. मध्य आफ्रिकेतील जंगलांच्या जैवभाराविषयी (झाडांच्या एकूण वस्तुमानाविषयी) २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले: स्वैर चाचणीत चांगले वाटणारे प्रतिमान, चाचणीच्या नोंदी शिकवणीच्या नोंदींपासून दूरच्या भागांतून घेतल्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरले. किती दूर म्हणजे पुरेसे दूर, हे यंत्राला ठाऊक नसते. ते त्या जंगलाचा अभ्यास केलेल्या परिसंस्थातज्ज्ञाला विचारावे लागते.