तीन तासांत हात किती पळतो?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर एरवी फुटबॉलवरून वाजतं. रविवारी परीक्षेवरून वाजलं आणि चहाच्या तीन फेऱ्या झाल्या तरी मिटलं नाही.

विषय मास्तरने काढला. तो बी.ए.च्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. यंदा त्याच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा आहे, आणि दुसरा एक आहे त्याला सगळं कळतं, पण कागदावर अक्षर उतरत नाही. "या दुसऱ्याला वर्गात विचारलं की फाडफाड सांगतो, आणि पेपरात 22 मार्क. मी नेमकं काय तपासतोय, तेच कळंना झालंय," मास्तर म्हणाला.

सुभेदार लगेच उसळले. ते फौजेतून निवृत्त झालेत, आमच्यात वयानं सगळ्यात मोठे. "म्हणजे आता पेपरच नको? एकाला जादा वेळ, दुसऱ्याला तोंडी, तिसऱ्याला घरून लिहून आण. मग पदवीला किंमत काय राहणार? रांगेत सगळ्यांना सारखं."

"सुभेदार, तुमची फायरिंगची परीक्षा कागदावर घेतली होती का?" मास्तरने विचारलं. "रायफलवर तीन तास निबंध लिहा म्हणाले होते?"

"रेंजवर घेतली."

"मग? जे यायला पाहिजे तेच करून दाखवायला लावलं ना? डॉक्टरकीतही तेच झालं. स्कॉटलंडमध्ये डंडीला हार्डन नावाच्या प्राध्यापकाने 1975 साली नवी पद्धत मांडली. एकेका टेबलाशी एकेक काम असतं, कुठं पेशंट तपासायचा, कुठं रिपोर्ट वाचायचा. पोरं टेबलं बदलत जातात. आता जगभरची मेडिकल कॉलेजं तशी परीक्षा घेतात. तिथं दर्जा घसरला असं कोण म्हणत नाही."

वकील तोवर गप्प होता. त्याने कायद्याचं सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरलीत, आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होती. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मग 11 फेब्रुवारी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा माणूस, नाकारला होता. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल न्यायमूर्ती चंद्रचूडांनी लिहिलेला. "मास्तर, तुझा तो दुसरा पोरगा यातच बसतोय. अर्ज केलाय का त्याने?"

मास्तरला ठाऊकच नव्हतं. मला या गोष्टीचा राग येतो. कायदा आहे, निकाल आहे, आणि वर्गात शिकवणाऱ्या माणसापर्यंत ते पोचलेलं नाही.

मग मी माझी गोष्ट सांगितली. बारावीत असताना मी एका दृष्टिहीन दादाचा लेखनिक होतो. पेपर अर्थशास्त्राचा. 'सीमांत उपयोगिता' हा शब्द मी आयुष्यात ऐकलेला नव्हता, मी 'श्रीमंत' लिहिलं. त्याने सगळी ओळ परत वाचून घेतली म्हणून सापडलं. पुढं मागणी वक्र आला, म्हणजे आकृती काढायची. तो म्हणाला, "डावीकडून उजवीकडं उतरता काढ, बॉलपेन दाबून." मी काढला. त्याने पान उलटलं, मागच्या बाजूला उठलेल्या रेघेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "फार आडवा झाला, जरा उभा घे." हे होईतो दहा-बारा मिनिटं गेली. शेवटचा प्रश्न राहिला. त्याला सगळं येत होतं. पेपर त्याचा होता आणि मार्क माझ्या हाताच्या वेगाला पडले.

सुभेदार काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला फक्त.

पण मास्तरची अडचणही खरी होती. "मी घरून करायला दिलं होतं. 110 पोरं. अर्ध्याहून जास्त जर्नलं एकसारखी, चुकासुद्धा त्याच. म्हणून ठरवलं, लिहून आणा, पण समोर बसून पाच मिनिटं समजावून सांगा. दोन प्रश्नांत कळतं कुणी उतरवून काढलंय. हिशोब करा, 550 मिनिटं, नऊ तासांच्या वर. तेवढा वेळ टाइमटेबलात कुठंच नाही." अंतर्गत गुणांवर कुणाचा विश्वास नाही, हेही त्याने कबूल केलं. मर्जीतल्याला 38, नावडत्याला 19 असं सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या मते सगळं घोडं इथंच अडलंय. गुण कशाला किती, हे आधी लिहून पोरांच्या हातात दिलं तरच हा संशय जाईल.

तेवढ्यात चहाच्या गाडीवरून मावशी बोलल्या, "तोंडीचं लई कौतुक करू नका. माझी पोरगी अडखळते. चार माणसांत विचारलं की शब्दच फुटत नाही, रडून घरी येते. तिला लिहिणंच बरं."

यावर आम्हा कुणाकडं उत्तर नव्हतं. खरं म्हणजे उत्तर त्याच देऊन गेल्या होत्या. मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग पोरालाच निवडू द्यायचं. लिहून दे, बोलून दे, नाहीतर घरी रेकॉर्ड करून दे. प्रश्न तोच, मार्कांची वाटणी तीच. पुढच्या चाचणीला करून बघतो."

"हे लाड झाले," सुभेदार म्हणाले.

वकील म्हणाला, "शाहू महाराजांनी 1902 ला नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या. पण बोर्डिंग त्याच्याही आधी काढलं, 1901 ला. खेड्यातलं पोर कोल्हापुरात राहणार कुठं, खाणार काय, ते आधी बघितलं. ते लाड होते?"

सुभेदारांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. उठता उठता वकिलाला म्हणाले, "लेखनिकाला वयाची अट असते काय?"

"वयाची नाही. शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी लागतं."

"बारावी पास आहे मी. अक्षर चांगलं आहे. माझं मत काय बदललेलं नाही, पण मास्तर, त्या पोराला माझा नंबर दे. आणि पेपरच्या आधी आठ दिवस ते पुस्तक आणून दे मला. श्रीमंत-बिमंत लिहायला नको."